सुट्टीत घरी आणलेला क्रॉस

वेंडेलिन श्ट्राकमानच्या हातात पदक दिलं की तो आधी ते उलटं करायचा. पुढची बाजू शेवटी. कधीकधी तर पुढची बाजू न बघताच परत द्यायचा. पुढून सगळी पदकं राजबिंडी दिसतात, खोटेपणा पाठीत सापडतो, असं त्याचं म्हणणं होतं. आयुष्यभर त्याने बिल्ले आणि बटणं बनवणाऱ्या कारखान्यात ठसे कोरले होते, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायला कोणी जात नसे. आमच्या साउरलांडच्या डोंगरात तार ओढणं आणि धातूवर ठसा मारणं हे दोनच धंदे पिढ्यान्पिढ्या चालत आले. बापाने पहिला धरला, पोराने दुसरा.

कारखाना बंद पडल्यावर वेंडेलिनला घरी बसवेना. महिन्यातून एका रविवारी आल्टेनरोडेच्या नेमबाज मंडळाच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे खिडकीजवळचं टेबल त्याचं. दिव्याच्या उजेडात तो काही तपासत नसे. ढग आले की सरळ हात आवरून कॉफी प्यायचा, आणि रांगेतली माणसं नोव्हेंबरच्या आभाळाला शिव्या देत उभी राहायची.

लोक आणायचे ते बहुतेक युद्धातलंच असायचं. जखमेचे बिल्ले, रशियातल्या हिवाळ्याचं पदक, आणि सगळ्यात जास्त लोखंडी क्रॉस. ज्या राजवटीने ही पदकं खिरापतीसारखी वाटली तिचं नाव आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर कोणी काढत नाही. पण कपाटातल्या चादरींखाली एखादा डबा प्रत्येक घरात असतो. म्हातारा गेला की डबा बाहेर निघतो, आणि नातवाला वाटतं घबाड लागलं.

वेंडेलिन त्या नातवाला हळुवार वगैरे सांगत नसे. दुसऱ्या दर्जाचे क्रॉस लाखांनी वाटले गेले, पोरा, यातून सायकलसुद्धा येणार नाही, एवढं बोलून तो पुढच्याला हाक मारायचा. खरा क्रॉस तीन तुकड्यांचा असतो: मध्ये काळा केलेला लोखंडी गाभा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवटाळून झाळलेली रुपेरी चौकट. नकली क्रॉस एकाच साच्यात ओतलेला असतो, म्हणून त्याच्या कडेला सांधा दिसत नाही. कोणी नकली माल बागेत पुरून गंजवतो, कोणी चहात बुडवून म्हातारा करतो. वेंडेलिन तो नाकाशी धरून सांगायचा, हा मागच्या उन्हाळ्यातला आहे. वापराच्या खुणांवर तर त्याचं सगळ्यात जास्त लक्ष असायचं. छातीवर लावलेलं पदक आधी मागून झिजतं. कोटाच्या जाड कापडावर घासून मुलामा उडतो, पिनेला पीळ पडतो, बिजागरी सैल होते. नकली करणारे पुढची बाजू घासतात, कारण त्यांनी ते कधी अंगावर घातलेलं नसतं.

एकदा एका शेतकऱ्याने बापाचा क्रॉस आणला. त्याच्या मधोमध ओरखड्यांचा नुसता खड्डा होता. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी सरकारने परवानगी दिली, पदकं घाला, पण नाझी चिन्ह काढून. नवे, चिन्ह नसलेले क्रॉस दुकानात मिळायला लागले. या बापाने मात्र गोठ्यातली कानस घेतली आणि आपल्याच क्रॉसवरचं चिन्ह घासून काढलं, नेमबाजांच्या जत्रेत मिरवायला. शेजारच्या टेबलावरचे व्यापारी हसले, याला कुत्रंही विचारणार नाही म्हणाले. वेंडेलिनने तो बराच वेळ हातात ठेवला आणि म्हणाला, आज इथे आलेल्यांत याच्याइतकं अस्सल दुसरं काही नाही, न्या घरी आणि सांभाळा.

माझे आजोबा खरंच शूर होते का, असं कोणी विचारलंच तर त्याचं ठरलेलं उत्तर होतं. “मी धातू बघतो. माणसाचं मला विचारू नका.” या उत्तरामागे तो आरामात लपून होता, आणि लपलोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी नगराच्या छोट्या संग्रहालयाने युद्धकाळातल्या गावावर प्रदर्शन करायचं ठरवलं. ते काम बघणाऱ्या यूटा हेल्मिश नावाच्या बाई तरुण होत्या आणि कामाला वाघ. आलेली पदकं तपासायला त्यांनी वेंडेलिनला बोलावलं. दोघांचं चांगलं जमलं. एक दिवस बाई म्हणाल्या, श्ट्राकमानसाहेब, सगळ्या गावाचं आणलंत, तुमच्या घरचं काही नाही का? वेंडेलिन जरा लाजला, मग छाती फुगवून म्हणाला, आहे की. माझ्या थोरल्या भावाचा पहिल्या दर्जाचा क्रॉस आहे. बाईंनी काचेच्या कपाटातली मधली जागा त्यासाठी राखून ठेवली.

हा क्रॉस जुन्या घरी होता, बहिणीकडे. रोझविताने लग्न केलं नाही. आईबापाचं केलं, आणि ते गेल्यावर त्याच घरात राहिली. दिवाणखान्यातल्या कपाटावर थोरल्या भावाचा, लोरेन्झचा फोटो, आणि फोटोखाली काचेच्या पेटीत मखमलीवर तो क्रॉस. आई होती तोवर दर रविवारी चर्चमधून आली की पेटी उघडायची आणि क्रॉस अंगठ्याने पुसायची. बोलायची काही नाही. फोटोत लोरेन्झ सैनिकी कोटात उभा आहे, डाव्या खिशावर क्रॉस, आणि कोटाच्या दुसऱ्या काज्यात हिमफुलाचं एक पांढरं फूल. ते फूल धाकट्या वेंडेलने खोचलं, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई कौतुकाने सांगायची. फोटो त्रेचाळीसच्या मार्चमधला. पुढच्या उन्हाळ्यात रशियाच्या आघाडीवर लोरेन्झची अख्खी पलटण गडप झाली. तो बेपत्ता म्हणूनच राहिला.

वेंडेलिनने हजारो पदकं भिंगाखाली घातली, पण हे कधीच नाही. देवघरातली मूर्ती कोणी सोनाराकडे तपासायला नेत नाही, तसंच ते होतं.

रोझविताने आलुबुखाराचा केक कापून ठेवला होता. क्रॉस प्रदर्शनाला हवाय हे ऐकल्यावर सुरी हातातच राहिली. बापाचं पहिल्या युद्धातलं पदक ने म्हणाली. आईचं रेशनकार्ड ने, लोरेन्झचं शाळेचं दप्तर माळ्यावर आहे ते ने.

“दप्तर कोण बघणारे, रोझी? जागा मधोमध ठेवलीय त्यांनी.”

“ठेवू देत. ते घरातलं आहे, घरातच राहू दे.”

“तुझ्या एकटीचा भाऊ होता का तो?”

तिने उठून केटलीखालचा गॅस उगाच मोठा केला. लहानपणापासून हट्टी म्हणून नाव काढलेला आमचा वेंडेलिन, त्याने फोटो आणि पेटी काखेत मारली आणि निघाला. दारात रोझविताने त्याचा मफलर नीट केला. तो त्रेपन्न वर्षांचा असो की सत्तावन्नचा, मफलर तीच नीट करायची. फक्त म्हणाली, “वेंडेल, उजेडात नको बसूस त्याला घेऊन.” म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतं, असं समजून तो चालता झाला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. प्रदर्शनातल्या वस्तूसोबत दोन ओळींचं वर्णन लागतं, म्हणून त्याने टेबल खिडकीशी ओढलं, पेटी उघडली, आणि सवयीने क्रॉस उलटा केला.

पाठ कोरी होती. मुलामा नवरीसारखा चकचकीत. पिनेवर ओरखडा नाही, पीळ नाही, बिजागरी इतकी घट्ट की नख लावावं लागलं. लोरेन्झने घरी सांगितलं होतं की क्रॉस हिवाळ्यात मिळाला, तेव्हापासून छातीवर आहे. हिवाळाभर खंदकात काढलेल्या क्रॉसची ही पाठ नव्हती. पुढच्या बाजूची चौकट मात्र गुळगुळीत झाली होती, वरच्या कडा तर सपाट. आईचा अंगठा. पिनेखाली छोटा शिक्का होता, एल अक्षर आणि आकडा. हा शिक्का त्याने डोळे मिटूनही ओळखला असता. सैन्याने दिलेल्या मालावर तो नसतो. तो दुकानात विकायच्या मालावर असतो.

त्याने स्वतःची समजूत घातली. मिळालेलं पदक हरवू नये म्हणून पुष्कळजण दुकानातून दुसरं घेत, कागद दाखवून रीतसर. तसं असेल. गाभा लोखंडी, झाळकाम सुबक, ठसा खरा. धातूत खोट नाही. त्याने वर्णन लिहायला पेन उघडलं, आणि वर्णनात फोटो जोडायचा म्हणून फोटो समोर घेतला.

त्याला फूल दिसलं.

इतकी वर्षं ते फूल तो बघतच आला होता. आज पहिल्यांदा त्याने ते पदकं तपासणाऱ्याच्या नजरेने बघितलं. पहिल्या दर्जाचा क्रॉस थेट कोणाला मिळत नाही. आधी दुसऱ्या दर्जाचा मिळावा लागतो. तो दुसरा क्रॉस रोज घालत नाहीत, त्याची काळी-पांढरी-लाल फीत तेवढी कोटाच्या दुसऱ्या काज्यातून ओवून शिवून टाकतात. ज्याच्या छातीवर पहिला क्रॉस आहे त्याच्या काज्यात फीत असलीच पाहिजे. आणि फीत शिवलेल्या काज्यात फुलाचा देठ जात नाही. फोटो काढला त्या दिवशी सकाळी शाळेच्या रस्त्यावर, बारा वर्षांच्या वेंडेलने आपल्या हाताने ते फूल खोचलं होतं. काजं मोकळं होतं. बोट आरपार गेलं होतं. ते बोटाला आठवत होतं.

मग एकेक आठवण उलटी होऊन त्याच्यापुढे यायला लागली. तो लोरेन्झला हाताला धरून ओढत शाळेत घेऊन गेला होता, वर्गासमोर उभं करायला. मुलं टाळ्या पिटत होती. क्रॉस कशाबद्दल मिळाला, असं कोणी विचारलं तेव्हा लोरेन्झ म्हणाला, ते सांगण्यासारखं नाही रे. केवढा विनयी, असं सगळ्यांना वाटलं. टिगेस मास्तर पहिल्या युद्धात एक पाय अधू करून आलेले, कडक माणूस. ते पुढे आले, लोरेन्झच्या छातीकडे बघत राहिले, आणि त्यांनी कोटातलं ते फूल दोन बोटांनी सरळ केलं. वेंडेलिन जन्मभर त्याला आदर समजत आला. मास्तर क्रॉसकडे बघतच नव्हते. रस्त्यात गुत्तेवाला भेटला होता, टपालवाला भेटला होता, सगळे पहिल्या युद्धातून आलेले. सगळ्यांनी टोपी काढली होती आणि सगळ्यांची नजर त्याच जागी एक क्षण थांबली होती. न मिळालेलं पदक घालणं हा तेव्हा गुन्हा होता. सैनिकाला त्यासाठी भिंतीशी उभं केलं नाही तरी शिक्षेच्या पलटणीत नक्की धाडत. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एका नजरेत कळलं असणार. कोणी बोललं नाही. की कोणी बोललं?

आणि आणखी एक. सुट्टी संपल्यावर लोरेन्झ तो क्रॉस घरीच ठेवून गेला होता. आघाडीवर हरवेल म्हणाला. पहिल्या दर्जाचा क्रॉस लढाईतसुद्धा छातीवर असतो, घरी ठेवून कोणी जात नाही. एवढं तर बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. अख्ख्या प्रांतात पदकांचा जाणकार म्हणून नावाजलेल्या माणसाला ते कधी खटकलं नाही.

त्याला वाटलं की खोलीत कोणीतरी आहे. भूतबित मानणारा तो नव्हता. पण खुर्चीच्या पाठीमागे सैनिकी कोटाचा ओला लोकरी वास आला आणि त्याने मागे वळून बघितलं नाही. ऊन सरकून भिंतीवर गेलं तरी तो तसाच बसून होता.

रोझविताने दार उघडलं आणि त्याच्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं. तिने कॉफी टाकली नाही, केक काढला नाही. स्वयंपाकघरात समोरासमोर बसली.

“बाबांना माहीत होतं?” वेंडेलिनने विचारलं.

“बाबांना दारातच कळलं. त्यांच्या काज्यात फीत होती ना, पहिल्या युद्धाची. त्यांचा हात आधी तिथेच गेला, लोरेन्झच्या कोटावर. मग आईकडे बघून त्याला म्हणाले, ये रे आत, थंडी आहे.”

बाकीचं तिने तुटक तुटक सांगितलं. त्या संध्याकाळी बाप लोरेन्झला लाकडांच्या छपरात घेऊन गेला. ही सरपण आणायला म्हणून मागे गेली होती, तिने ऐकलं. बाप ओरडला नाही. एवढंच विचारलं, हे कुठून आणलंस, आणि कशासाठी. लोरेन्झने सांगितलं, गाडी बदलायची होती त्या शहरात दुकान होतं, म्हाताऱ्या दुकानदाराने कागद मागितला नाही. कशासाठी, याचं उत्तर द्यायला त्याने जरा वेळ लावला.

“काय म्हणाला?”

रोझविताने टेबलावरचे नसलेले कण गोळा केले.

“रोझी, काय म्हणाला तो?”

“म्हणाला, वेंडेल प्रत्येक पत्रात तेच विचारतो. क्रॉस मिळाला का. शेजारच्या फिन्केच्या पोराला मिळाला, तुला कधी मिळणार. वर्गात सगळे विचारतात.” ती थांबली. “म्हणाला, बाबा, आठ दिवस त्याला मिरवू दे. मग मी काढून ठेवतो.”

वेंडेलिनला ती पत्रं आठवत होती. प्रत्येक पत्राच्या शेवटी तो क्रॉसचं चित्र काढायचा, पट्टी लावून, कडा सरळ येण्यासाठी. ठसे कोरण्याचा हात तिथेच बसला होता. त्याची नोकरी, त्याचं नाव, खिडकीजवळचं ते टेबल, सगळं त्याच चित्रांतून निघालं होतं. त्याला रडू आलं, आणि त्याने ते आवरलं नाही. रोझविताही त्याला गप्प हो म्हणाली नाही.

बऱ्याच वेळाने तिने सांगितलं की क्रॉस घरी ठेवून जा हा हुकूम बापाचा. आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आणि याला कळू नये म्हणून बापाने मरताना तिच्याकडून वचन घेतलं होतं.

“कोणी कळवलं असेल का गं वरती? मास्तरांनी? गुत्तेवाल्याने?”

“मलाही तेच वाटत राहिलंय. रात्ररात्र. मग मी म्हणते, ती सगळी पलटणच गेली, चांगले-वाईट सगळे गेले. पण खरं काय ते नाही माहीत, वेंडेल. ते कोणालाच नाही माहीत.”

प्रदर्शनाचं काय करणार, असं तिने विचारलं. देऊ नकोस, लोकं हसतील त्याला, मेल्यावर तरी नको. वेंडेलिन म्हणाला, की पेटीत परत ठेवला तर तो पुन्हा शूराचा क्रॉस होईल, आणि पुढचं एखादं पोरगं त्याच्याकडे बघून कोणाला तरी पत्र लिहील. ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मग, कोणी विचारलं नसताना, म्हणाली:

“स्टेशनवर मीच गेले होते त्याला सोडायला. मला वाटलं, बाबा बोलले म्हणून तोंड पाडून असेल. पण छान होता. डब्याच्या दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, वर्गात पोराचं तोंड बघायला हवं होतंस, रोझी.”

वेंडेलिनने सकाळी हेल्मिशबाईंना फोन केला. क्रॉस देतोय, म्हणाला, फक्त शेजारची ओळ मी सांगतो तशीच लिहायची. बाईंनी कागद घेतला. त्याने सावकाश सांगितलं: पदक अस्सल. सैन्याने दिलेलं नाही, दुकानातून विकत घेतलेलं. लोरेन्झ श्ट्राकमान या सैनिकाने ते धाकट्या भावासाठी घेतलं, कारण भाऊ सारखा मागत होता. बाई लिहिता लिहिता थांबल्या. हे एवढं उघड लिहायचं का, असं त्यांनी हळूच विचारलं. मग, धाकट्या भावाचं नाव टाळूया का, असंही विचारलं.

“नाही,” तो म्हणाला, “ते पूर्ण लिहा.” आणि त्याने एकेक अक्षर सुटं करून आपलं नाव सांगितलं.